बारशीचं दुखणं

या, जरा पुढं सरका. तिथं खांबाआड बसलात तर टापांचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि ही सगळी गोष्ट टापांच्या आवाजातच आहे. एका घोडीची गोष्ट सांगतो. उठाल तेव्हा हसत उठाल एवढं वचन देतो. मध्येच कुठं डोळा ओला झाला तर तो दोष माझा नव्हे, घोडीचा.

तर साल एकोणीसशे अठ्ठावन्न, माघातली बारस. आदल्या दिवशी एकादशी झालेली. शहापूरच्या बाजारपेठेत ऊन नुकतं दुकानांच्या फळ्यांवर चढत होतं आणि देवजी टांगेवाल्याचा टांगा किन्हवलीकडं निघाला होता. मागच्या बाजूला रंगोबुवा कीर्तनकार, मांडीवर उपरण्यात गुंडाळलेल्या चिपळ्या. दुपारी किन्हवलीच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं. पुढं देवजीच्या शेजारी वाळू, चुना मळायच्या घाणीचा मालक, पायाशी दोरखंडाचं वेटोळं घेऊन बसलेला. आणि दांड्यांमध्ये मंजिरी, चार वर्षांची तांबूस घोडी, कपाळावर तुळशीच्या मंजिरीएवढा पांढरा ठिपका. कापडवाल्याच्या दुकानासमोर टांग्याला एक हिसका बसला. मोठा नव्हे; बुवांची पगडीसुद्धा हलली नाही, वाळूच्या तळहातावरची तंबाखू सांडली नाही. पण देवजी बसल्या जागी पुढं वाकला. मंजिरी एक पाऊल अडखळली होती. मागचं डावं पाऊल. दर बारशीला ते तिथूनच सुरू व्हायचं, आधी एक अडखळ, मग पाऊल आखूड, मग मांड्यांवरचे पुठ्ठे दगडासारखे, मग अंगभर घाम, आणि मग रस्त्याच्या मधोमध खांबासारखं उभं राहणं, तोंडातून कण्हल्याचा आवाज, लोक जमलेले. आणि मग ते दुसरं, जे देवजी कोणाला सांगत नसे: कात उकळून सोडावा तशी काळपट लाल लघवी.

"थांबली?" वाळूनं विचारलं. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, नुसती उत्सुकता होती, आणि तीच जास्त टोचली.

"कशाला थांबंल? खड्डा व्हता."

"खड्डा?" वाळू मागं वळून बघत म्हणाला. "मला तर नाय दिसला. बुवा, तुमाला दिसला?"

"मी चिपळ्यांची गाठ बघत होतो," बुवा म्हणाले. "देवजीला दिसला म्हणजे असेल."

खड्डा नव्हताच. देवजीला ठाऊक होतं. त्याचे डोळे मंजिरीच्या मागच्या पायांवर खिळले होते आणि कान टापा मोजत होते. चार टापांचा एक ठेका. कीर्तनाच्या वेड्या माणसाला टापांतही झांज ऐकू येते, आणि देवजी असा वेडा की आसनगावच्या स्टेशनातून शहापुरात माणसं आणता आणता त्यानं गेली पंधरा वर्षं प्रत्येक घोड्याला ताल शिकवला होता, निदान त्याला तसं वाटायचं. ठेका आत्ता बरोबर होता. पण कीर्तनातसुद्धा पूर्वरंग बरोबर चालतो, श्रोते माना डोलवतात, आणि आख्यानाला उभं राहिल्यावर बुवांचा आवाज बसतो, असं होतंच की. पहिल्या मैलाचा दगड अजून पुढं होता. मंजिरी नेहमी पहिल्या मैलाच्या आतच अडायची. दगड गेला तर. गेला तर काय, हे मनात पुरतं म्हणायचाही त्याला धीर नव्हता. त्यानं नुसता लगाम मुठीत आवळून धरला आणि मनातल्या मनात नाम सुरू केलं, पण नामातही मैलाचा दगडच येत राहिला.

दोन वर्षांपूर्वी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत त्यानं तिला पाहिलं तेव्हा ती शिंगरूच होती. पौषातली थंडी, बैलांच्या रांगांमागं बैलांच्या रांगा, घोंगड्यांचे ढीग, धुळीत गुळाचा आणि शेणाचा एकत्र वास, आणि त्या सगळ्यात हे पोर आपल्याच शेपटीला घाबरून उड्या मारत होतं. विकणारा म्हणाला, धावायला वारा हाय. देवजीनं वारा पाहिलाच नाही. त्यानं पाहिलं की पलीकडच्या तंबूत कोणी टाळ वाजवत होता आणि शिंगराचे कान टाळाबरोबर पुढंमागं होत होते. झालं. धोंडूबाई नंतर म्हणाली, "कान बघून घोडं घेतलंत? पाय बघतात लोक." त्यावर तो म्हणाला होता, "पाय मी करीन तिचे." आणि केले. टप्प्याटप्प्यानं, आधी मोकळं चालवून, मग रिकामा टांगा, मग एक माणूस, मग तीन. साडेतीन वर्षांची झाली तेव्हा ती दांड्यांत उभी राहिली की आसनगावातले बाकीचे टांगेवाले आपापल्या घोड्यांच्या तोंडासमोर उभे राहत, घोड्यांना लाज वाटू नये म्हणून. अशी घोडी. आणि बारस आली की तिचं लाकूड व्हायचं.

"अजून चालतीय," वाळू म्हणाला.

"चालणारच."

"मी काय म्हणतो देवजीदा, माझ्या घाणीला तिचे हाल नाय व्हायचे. गोल गोल फिरायचं. चढ नाय, उतार नाय. डोळ्यावर झापडं लावली की तिला वाटंल सरळच चाललीय, पार काशीला." आणि तो आपल्याच बोलण्यावर हसला. "काशीला चुना बी मिळतो."

देवजीच्या डोळ्यांपुढं घाणीचं ते दगडी चाक आलं, चुन्याच्या पांढऱ्या चिखलात फिरणारं, आणि त्याच्या मागं झापडं लावलेली मंजिरी, ताल नाही, सम नाही, नुसतं फिरणं. शब्द त्यानंच दिला होता. मागच्या बारशीला, स्टेशनच्या अंगणात ती तीन तास उभी राहिली, गुडघे थरथरत, आणि घरी आणल्यावर धोंडूबाई तिच्या मानेला बिलगून म्हणाली होती, "अवो, मला बघवत नाय हे. तुमच्या टांग्यापायी तडफडतीय पोर. हळू कामाला तरी द्या तिला." तेव्हा वाळू दारातच होता. देवजीनं तुळशीवर हात ठेवला आणि म्हणाला, पुढच्या बारशीला अडली तर घेऊन जा, जिथं अडंल तिथून. म्हणून आज वाळू दोरखंड घेऊन शेजारी बसला होता. दोरखंड नवा होता. काथ्याचा वास येत होता त्याला.

आणि काय नाही केलं त्यानं? दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. कल्याणहून टॉनिकची बाटली आणली, बाटलीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र. मंजिरी ते चित्र हुंगून शिंकली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकादशी. देवजीच्या घरी घोडं एकादशीला जुंपत नसत, बापापासूनची चाल. त्या दिवशी घोडीला अंघोळ, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूची माळ, आणि तुळशीकडं तोंड करून दिवसभर बांधलेली, पाऊलभर हलायचं नाही. पण मुक्या जिवाला उपास कसा घडवायचा? ते पाप. म्हणून चंदी, म्हणजे तिचा रोजचा दोन शेर भिजवलेला हरभरा, तो पुरा मिळायचा. आणि देवजी स्वतः जेवत नसे तर त्याच्या वाटच्या दोन भाकऱ्या कोणाच्या? तिच्या. वर गुळाचा खडा, वर टॉनिक. पहिल्यांदा ती बारशीला जराशी लंगडली तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, आपली सेवा कमी पडली. पुढच्या एकादशीला गूळ वाढवला. ती जास्त लंगडली. त्यानं भाकऱ्या वाढवल्या. आता हे आठवताना त्याचे कान गरम झाले, भर थंडीत. माणूस देवाच्या नावानं चुकतो तेव्हा किती मन लावून चुकतो.

"दगड," वाळू म्हणाला.

देवजीनं पाहिलं. पांढरा रंग उडालेला पहिल्या मैलाचा दगड, त्यावर एक कावळा. टप टप टप टप. दगड आला, कावळा उडाला, दगड मागं गेला. मंजिरीनं कानसुद्धा टवकारले नाहीत; तिला काय, तिच्या दृष्टीनं तो दगड. पण देवजीच्या छातीत एकदम मृदंगावर थाप पडली. त्याला ओरडायचं होतं. तो ओरडला नाही, कारण झिपरूनं सांगितलं होतं: पाच मैल जाऊ दे, आणि मग तिचं मूत बघ, तोवर काय बोलू नको.

झिपरू. हे नाव मनात आलं की गेले पंधरा दिवस देवजीला आधी हसू यायचं आणि मग मान खाली जायची. झिपरू गावाबाहेरच्या वाडीवरचा, सागाच्या कुडाची झोपडी, मिळेल ती मजुरी, स्टेशनात पोती उचलणं. पण तरुणपणी तो देवळालीला पलटणीच्या घोड्यांचा मोतद्दार होता, साहेबांच्या घोड्यांना खरारा करणारा, हे त्यानं शंभरदा सांगितलं तरी कोणी ऐकलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी देवजीचा आधीचा एक घोडा होता, नारद नावाचा. जिथं तिथं फिरतो म्हणून नारद. पोती उतरवता उतरवता झिपरू एकदा नारदाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला, "देवजीदादा, बसल्या दिवशी याची चंदी अर्धी कर. नायतर मरंल." एवढंच. आणि देवजी, चार टांगेवाल्यांसमोर, ताडकन म्हणाला होता, "मी उपाशी आन जनावर बी उपाशी? तुला रं एकादशी काय कळते? जा, पोती उचल." सगळे हसले होते. झिपरूनं हात काढला, पोतं उचललं. त्याच महिन्यात, बारशीला, चढावर नारद खाली बसला तो उठला नाही. आणि त्या संध्याकाळी गावानं त्याला फुलं वाहिली, आणि हेच रंगोबुवा कीर्तनात म्हणाले होते, एकादशी करून द्वादशीला गेला, पुण्यवान जीव, मालकाच्या पुण्यानं सुटला; आणि देवजी सगळ्यांदेखत आनंदानं रडला होता. आनंदानं! त्या रडण्याची आठवण आता अंगावर खरुजेसारखी उठत होती.

मागच्या बारशीनंतर, शब्द देऊन बसल्यावर, धोंडूबाई चूल सारवता सारवता म्हणाली होती, "दर बारशीलाच कशी हो अडते ही? अमावास्येला नाय, सणाला नाय." देवजी म्हणाला, "माझा उपास कमी पडतो." ती म्हणाली, "तुमचा बरोबर पडतो. तिचा पडत नाय." तिनं ते सहज म्हटलं, सारवण पुढं चालू ठेवलं. पण देवजी उठून उभा राहिला होता. पुठ्ठ्यावर ठेवलेला तो काळा हात त्याला सहा वर्षांनी दिसला. तो तसाच वाडीवर गेला, अनवाणी. झिपरू उन्हात बसला होता, डोळ्यांत फूल पडलेलं, आवाजावरून माणूस ओळखणारा. "कोण, देवजीदादा? बस." मग त्यानं बायकोला हाक दिली, "तानी, पाणी दे गो." आणि मग, "तो नारद कसा हाय? म्हातारा झाला असंल आता."

देवजीनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. झिपरू भट्ट्यांवर कोळसा पाडायला गेला होता त्या साली, नारद गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. कशाला कळवील कोणी? झाडावरून एक पान खाली आलं. मग झिपरू म्हणाला, "आसं." आणि थोड्या वेळानं, "आता कोण हाय दावणीला?"

"मंजिरी. पोर हाय. चार वर्सांची."

"आन तिला बी झालं?"

"झालं."

"मंग आता आलास. सा वर्सं लागली रं तुला," झिपरू म्हणाला आणि बोळक्या तोंडानं हसला. "लई हळू तुझा टांगा!" तानीसुद्धा हसली. आणि देवजी, ज्याला वाटलं होतं आपण पाया पडावं, तोही हसला, नाक पुसत. त्याच हसण्यात झिपरूनं सगळं सांगितलं. "पलटणीत याला सोमवारचं दुखणं म्हणत. आयतवारी घोड्यांना सुटी, पण चंदी पुरी. सोमवारी कवायतीला काढली की धडाधड अडत. तुझी एकादस म्हणजे आयतवार. तुझी बारस म्हणजे सोमवार. दाणा म्हंजे जाळ, दादा. जनावर धावतं तेव्हा तो जाळ खपतो. बांधून ठेवलं तर तो जातो कुठं? मांसात दडी मारून बसतो. दुसऱ्या दिवशी धावायला काढलंस की सगळा एकदम पेटतो, मांस आतल्या आत करपतं, आन ते करपलेलं मुतातून काळं भायेर येतं." मग उपाय. बसल्या दिवशी दाणा मूठभर, गूळ बंद, भाकरी बंद. गवत हवं तेवढं, कोंडा, खडेमीठ. दाण्याऐवजी खुरासणीचं तेल, आज चमचाभर, उद्या दोन, पंधरा दिवसांत दोन ओंजळी. "गुळाचा जाळ म्हंजे वाळल्या पानांचा, भडकला की गेला. तेलाचा जाळ दिव्याचा, सावकाश जळतो. रातभर भजन चालतं ना तुमचं एका दिव्यावर? तसा." आणि बांधून ठेवायची नाही, सकाळ-संध्याकाळ हातात धरून फिरवायची, एकादस असो की काही असो.

देवजीला त्या क्षणी काय झालं ते कसं सांगू! बुवांच्या तोंडून अवघड ओवी एकदम उलगडावी आणि मागच्या शंभर कीर्तनांतलं सगळं कळल्यासारखं व्हावं, तसं. आयतवार, सोमवार, एकादस, बारस. पलटणीतले गोरे साहेब आणि आपण, एकाच प्रेमळ चुकीत! तो वाडीवरून घरी पळत आला होता. दोन दिवसांनी काही विचारायला परत गेला तर झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली. झिपरू आणि तानी भट्टीवर गेले होते, भिवंडीकडं की आणखी कुठं, कोणाला माहीत नव्हतं. म्हणून आता विचारायला कोणी नव्हतं. बाजारपेठेतला तो हिसका, तो जाळाचा होता का, झिपरूदादा? उत्तर द्यायला इथं नुसता वाळू होता.

"देवजीदा, तू घाम पुसतोस. घोडीला घाम नाय, तुला हाय," वाळू म्हणाला. "कोणाला बांधून नेऊ?"

मागून बुवा खळखळून हसले. "वाळू, कीर्तनात उभा राहा रे माझ्या मागं, लोक हसवायला."

कालची एकादशी. तोबऱ्यात, म्हणजे तिच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत, त्यानं मूठभरच हरभरा टाकला होता. मंजिरीनं तो दोन घासांत संपवला, मग रिकाम्या तोबऱ्यात तोंड घालून फुरफुरली, तोबरा उलटा केला, आणि त्याच्याकडं बघितलं. जनावर रागावत नाही हेच वाईट. धोंडूबाई पदराखाली भाकरी घेऊन आली होती, तो म्हणाला, "नाय. आज तिची बी एकादस." आणि मग सकाळी एकदा, दुपार कलताना एकदा, मोकळी हातात धरून त्यानं तिला नदीपर्यंत फिरवलं. उपाशी माणूस आणि अर्धपोटी घोडी, दोघं बरोबर चालत. वाटेत त्याला भान राहिलं नाही, तो मोठ्यानं गायला लागला, आणि तिचे कान म्हशाच्या जत्रेतल्यासारखे पुढंमागं होऊ लागले. आजवर इतक्या एकादशा केल्या, पण बरोबर कोणीतरी आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

रस्ता आता शेतांमधून जात होता. भाताचे खुंट उभे, मध्येच वालाचे हिरवे पट्टे, सावरीला कळ्या. टांगा चौथ्या मैलापुढं गेला, आणि शेणवे गावाच्या अलीकडचा चढ दिसू लागला. देवजीनं लगाम आणखी आवळला, आणि पुन्हा तोच हिसका. तेच डावं पाऊल. वाळूनं दोरखंडाला हात घातला. देवजीनं खाली बघितलं, मंजिरीच्या पायांकडं नव्हे, आपल्याच हातांकडं. बोटांची पेरं पांढरी झाली होती. लगाम असा ताणलेला की तिची मान वाकली होती, तोंड उघडं पडलं होतं. तिला पुढं जायचं होतं. पहाटेपासून तिला पुढंच जायचं होतं! अडखळत होती ती त्याच्या मुठीमुळं. बाजारपेठेतला हिसका त्यानंच दिला होता. बारशीचं भय त्याच्या मनगटात बसलं होतं आणि तिथून लगामातून तिच्या तोंडात उतरत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच वेळी असं हसू फुटलं की वाळू दचकला. देवजीनं मूठ सैल सोडली.

आणि मग काय सांगू! मंजिरीनं एकदा मान झटकली, नाकपुड्या फुलवल्या, आणि चढ अंगावर घेतला. दुडकी चाल मोकळी झाली, मोकळी चाल धावेत गेली, चाकं गाऊ लागली, बुवांनी एका हातानं पगडी आणि दुसऱ्यानं चिपळ्या धरल्या आणि "अरे हळू, अरे हळू" म्हणता म्हणता स्वतःच मोठ्यानं हरिनाम सुरू केलं, वाळूची तंबाखू वाऱ्यावर गेली. पुठ्ठे चढउतार करत होते, चकचकीत, पाण्यासारखे. दिव्याचा जाळ, देवजी मनात म्हणत होता, सावकाश जळणारा, झिपरूदादा, बघ, अरे बघ! चढाच्या माथ्यावर आंब्याखाली सावलीत मंजिरी मंद झाली. आणि आपण होऊन थांबली.

सगळं थांबलं. देवजीच्या छातीतला मृदंगही.

"थांबली," वाळू हळूच म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात मजा नव्हती. तो दोरखंड घेऊन खाली उतरला, आणि देवजीकडं न बघता म्हणाला, "शब्द तुझाच व्हता, दादा."

मंजिरीनं मागचे पाय फाकवले. शेपूट एका बाजूला केली. देवजीनं उडी मारली, टांग्याच्या दांडीवर गुडघा आपटला, त्याचं त्याला भान नव्हतं. तो रस्त्यावर उकिडवा बसला, मान तिरपी करून, भर रस्त्यात, घोडीच्या मागं. आणि ती मुतली. लांब, निवांत, मन लावून. धुळीत फेस आला. पिवळी. गवताच्या काडीसारखी स्वच्छ पिवळी, त्यात उन्हाचा कवडसा. काताचा थेंब नाही.

"विठ्ठल!" देवजी ओरडला. "विठ्ठल, विठ्ठल!" त्यानं दोन्ही हात तिच्या पुठ्ठ्यांवर ठेवले, झिपरूनं ठेवला होता तसे, मांस मऊ होतं, ऊबदार, बोटाखाली हलणारं. तो हसत होता आणि गालांवरून पाणी चाललं होतं, आणि पायावर उडालेले शिंतोडे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"घोडी मुतली म्हणून एवढा आनंद?" वाळू म्हणाला. "माझी म्हैस रोज मुतते, मी कधी नाचलो नाय." पण त्यानं दोरखंड टांग्यात परत फेकला होता, आणि तोही हसत होता. "चल, बस वर. किन्हवलीपर्यंत तरी सोड मला, आता चालत कुठं जाऊ?"

उरलेल्या वाटेवर देवजीनं बुवांना सगळं सांगितलं, नारदापासून. बोलताना शब्द एकमेकांवर पडत होते. बुवा ऐकत होते, मधूनच चिपळ्यांवर बोट वाजवत. आणि दुपारी, ऊन देवळाच्या पायऱ्यांवर आलेलं असताना, किन्हवलीकरांनी सभामंडप भरला असताना, पूर्वरंग संपवून आख्यानाला आरंभ करताना रंगोबुवांनी मंजिरीचीच गोष्ट घेतली. काय रंगवली! टापा चिपळ्यांवर, हिसका झांजेवर, आणि ते आंब्याखालचं थांबणं तर असं की बायकांनी पदर तोंडात धरले. देवजी खांबाशी बसून लहान मुलासारखा डोलत होता, सगळं पुन्हा होत होतं, पुन्हा पहिल्यांदा. मग बुवा म्हणाले, "आणि असा हा भक्त, असा त्याचा उपास, की एकादशीच्या पुण्यानं ती मुकी लेक उभी राहिली!" टाळ्या झाल्या. गजर सुरू होणार होता.

देवजी टाळी वाजवायला गेला आणि हात हवेतच राहिले. सहा वर्षांपूर्वी असंच झालं होतं. हेच बुवा, हेच पुण्य, याच टाळ्या, आणि तो रडत होता. त्यानं उभ्या आयुष्यात कीर्तनात बुवांना मध्येच तोडलं नव्हतं, तसं कोणी केलं असतं तर त्याच्याशी महिनाभर बोलला नसता. तो उभा राहिला.

"बुवा, तसं नाय व्हतं."

मंडप वळला. कोणीतरी म्हणालं, "बस रे, प्यालास का?"

"तसं नाय व्हतं बुवा. माझ्या एकादशीनंच नारद मारला. मी मारला. देवाचं नाव घेऊन, भाकरी घालून घालून. मंजीला वाचवली ती झिपरूनं. वाडीवरच्या. मी त्याला सगळ्यांसमोर हाकलला व्हता. तुमी त्याचं नाव घेतलं नाय."

पेटीवाल्याचा भाता तेवढा एकदा उसासला. रंगोबुवांनी चिपळ्या खाली केल्या. सत्तर वर्षांचा माणूस, गळ्यात हार, कपाळाला बुक्का, ते श्रोत्यांकडं वळून, गाण्याच्या आवाजात नव्हे, घरच्या आवाजात म्हणाले, "नारद गेला तेव्हा अशाच गादीवरून मी चुकीचं बोललो. पुण्य म्हणून सांगितलं, ती चूक होती. आज दुसऱ्यांदा चुकत होतो. त्या माणसाचं नाव काय म्हणालास, देवजी?"

"झिपरू."

"झिपरू," बुवा म्हणाले, आणि ते नाव त्यांनी चालीत घेतलं, एकदा, दोनदा, ठेक्यावर बसेपर्यंत. आणि बाहेर चिंचेखाली बांधलेल्या घोडीनं टाळाच्या आवाजाला कान हलवले, हे मी नाही, वाळूनं पाहिलेलं आहे.

झिपरूला हे कधी कळलं नाही. त्या साली भट्टीवर गेला तो वाडीवर परत आला नाही. देवजी दर बारशीला काटेरी फांदी लावलेल्या त्या दारापर्यंत टांगा नेई, जरा थांबवी, आणि परत फिरवी. म्हणून आता तुमच्याकडं एवढंच मागणं. कधी मुक्या जिवाला मायेनं चारताना तुमचा हात जरा जास्त भरला, तर तो तसाच थांबवा आणि उन्हात बसलेल्या, डोळ्यांत फूल पडलेल्या त्या माणसाला क्षणभर आठवा. झिपरू त्याचं नाव.